आत्यंतिक व्यक्तिवाद आणि मराठीतील ‘मी’

मराठी समीक्षेत ‘व्यक्तिवादी’ हे विशेषण वर्णन म्हणून क्वचितच येते. बहुधा ते आरोप म्हणून येते. नवकवितेवर तो आरोप समाजवाद्यांनी केला, १९६० नंतरच्या कादंबरीवर मार्क्सवाद्यांनी केला, आणि पुढे देशीवाद्यांनी तो आंग्लशिक्षितांच्या जवळजवळ सगळ्याच साहित्यावर केला. प्रतिवाद करणाऱ्यांनीही आरोपाचे स्वरूप तपासण्याऐवजी ‘कलावंताचे स्वातंत्र्य’ या शब्दाची ढाल पुढे करून वेळ मारून नेली. दोन्ही पक्षांनी साक्षीला मात्र एकाच प्रकारचा माणूस उभा केला आहे : घर, गाव, जात, रूढी यांच्याशी न पटल्यामुळे बाहेर पडणारा तरुण पुरुष. त्याची बाजू घ्यावयाची की त्याला समज द्यावयाची, एवढाच मग वादाचा विषय उरतो. जी व्यक्ती समूहातून बाहेर पडलेली नाही, तर जिला समूहानेच बाहेर काढले आहे, तिची साक्ष या वादात घेतली गेलेली नाही. ती घेतली तर आत्यंतिक व्यक्तिवादाचे बळ आणि त्याचे वैगुण्य या दोहोंचा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो, असे येथे दाखवावयाचे आहे.

आत्यंतिक व्यक्तिवाद या एका नावाखाली दोन भिन्न प्रमेये वावरत असतात, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. पहिले प्रमेय प्रामाण्याविषयीचे आहे. एखादी गोष्ट सर्वांना मान्य आहे, एवढ्यावरून ती खरी किंवा न्याय्य ठरत नाही. सर्वांच्या विरोधात एकटी व्यक्ती बरोबर असू शकते. म्हणून एकमत हे प्रमाण नव्हे. दुसरे प्रमेय व्यक्तीच्या घडणीविषयीचे आहे. व्यक्ती स्वयंभू आहे, ती आपल्या इच्छेतून आणि बुद्धीतून स्वतःला घडवते, आणि म्हणून ती कोणाचे देणे लागत नाही. ही दोन प्रमेये एकमेकांवर अवलंबून नाहीत. पहिले मान्य करून दुसरे नाकारता येते. परंतु व्यक्तिवादाचे कट्टर पुरस्कर्ते दुसऱ्याच्या जोरावर पहिले सिद्ध करू पाहतात, आणि त्याचे विरोधक दुसऱ्याचे खंडन करून पहिल्याचेही खंडन झाले असे समजतात. मराठीतील गोंधळ बव्हंशी याच ठिकाणी झाला आहे.

युरोपात या विचाराचे टोक माक्स श्टिर्नरने गाठले. १८४४च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात ईश्वर, राज्य, नीती एवढेच नव्हे, तर ‘मानवता’ ही कल्पनादेखील माणसाच्या डोक्यात वस्तीला आलेले भूत ठरते. खरा असतो तो केवळ ‘एकमेव मी’. मार्क्स आणि एंगल्स यांना त्याची दखल इतकी अपरिहार्य वाटली, की ‘जर्मन विचारप्रणाली’ या त्यांच्या हस्तलिखिताचा मोठा हिस्सा या एकाच लेखकाच्या खंडनात खर्च झाला. त्यांच्या युक्तिवादाइतकीच बोलकी श्टिर्नरच्या चरित्रातील एक गोष्ट आहे. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या या ‘एकमेवा’च्या संसाराला पत्नीच्या वारशाचा आधार होता, आणि दूधविक्रीच्या एका फसलेल्या धंद्यात तो वारसा संपला. ग्रंथ तिलाच अर्पण केलेला आहे. अर्पणपत्रिका हा मजकुराचा भाग मानावयाचा की नाही, हा प्रश्न या ग्रंथाच्या बाबतीत तरी निव्वळ पंडिती नाही.

विसाव्या शतकात आयन रँडने हेच टोक कादंबरीच्या रूपात लोकप्रिय केले. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या वसतिगृहांत ‘द फाउंटनहेड’ (१९४३) पिढ्यान्पिढ्या हातोहात फिरत आली. मराठी समीक्षेने तिच्याकडे जवळजवळ पाहिले नाही, आणि ही उपेक्षा फारशी भूषणावह म्हणता येणार नाही. कारण या तरुणांच्या मनातील ‘मी’ घडवण्यात मर्ढेकरांपेक्षा रँडचा वाटा अधिक असण्याचा संभव आहे. तिचा नायक हॉवर्ड रोर्क हा वास्तुशिल्पी काही काळ दगडाच्या खाणीत मजुरी करतो. तेथे तो राबतो, सहन करतो, झळाळून दिसतो. पण त्याच्या शेजारी छिन्नी चालवणाऱ्या मजुराला कादंबरी ‘मी’ म्हणू देत नाही. सर्वांना लागू असल्याचा दावा करणारे तत्त्वज्ञान संहितेत मात्र एकाच माणसाच्या वाट्याला येते, हे रँडच्या विचाराचे वैगुण्य तिच्या निवेदनतंत्रातच उघडे पडते.

मराठीतील व्यक्तिवादाची कथा मात्र येथून सुरू होत नाही. श्टिर्नर १८५६च्या जूनमध्ये वारला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत कऱ्हाडजवळच्या टेंभू येथे गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. या योगायोगाला काही अर्थ नाही. पण दोघांना शेजारी ठेवून पाहिले, तर फरक चांगला दिसतो. आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर मनापासून वाचले होते. १८८७ साली ‘केसरी’ सोडून १८८८मध्ये ‘सुधारक’ काढणाऱ्या या माणसाने, रूढीच्या मागे बहुमत आहे म्हणून ती मान्य करण्याचे साफ नाकारले. पुण्यात त्यांच्या प्रतिमेची प्रेतयात्रा त्यांच्या डोळ्यांदेखत निघाली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पहिले प्रमेय, म्हणजे एकमत हे प्रमाण नव्हे हा सिद्धान्त, मराठीत त्यांच्याइतक्या निर्भेळपणे दुसऱ्या कोणी जगून दाखवला नसेल.

दुसऱ्या प्रमेयाशी मात्र त्यांचे कधी जमले नाही, आणि हे पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. स्पेन्सरने १८८४ साली राज्यसंस्थेविरुद्ध व्यक्तीची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. कायद्याने समाज सुधारू नये, असा त्याचा कौल होता. स्पेन्सरचे भक्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आगरकरांनी मात्र संमतिवयाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १८९१च्या त्या कायद्याने संमतीचे वय दहावरून बारावर नेले. दहा वर्षांच्या मुलीला ‘तू स्वतंत्र आहेस, तुझे तू पाहा’ असे सांगणे ही क्रूर थट्टा झाली असती. तिच्या ‘मी’ला अवकाश मिळावा म्हणून इतरांनी, आणि प्रसंगी सरकारनेही, हात पुढे केला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. म्हणजे व्यक्ती हे आगरकरांचे साध्य होते. ती आयती तयार असलेली वस्तू आहे असे त्यांनी मानले नाही. १८८२च्या डोंगरीच्या तुरुंगवासात त्यांनी भाषांतरासाठी निवडलेले नाटक ‘हॅम्लेट’ होते, याचाही येथे विचार करण्यासारखा आहे. ‘विकारविलसित’ (१८८३) हे ते भाषांतर. एकट्याची खात्री पटणे आणि एकट्याने कृती करता येणे या दोहोंमध्ये केवढी दरी असते, हे त्या नाटकाइतके कोणते नाटक सांगते?

याच काळात रखमाबाईंचा खटला चालला (१८८४–८८). बालपणी झालेल्या विवाहाच्या पतीकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले, आणि १८८७ साली न्यायालयाने पतीकडे जाण्याचा, अन्यथा तुरुंगवासाचा हुकूम दिल्यावर तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर पतीला रक्कम देऊन तडजोड झाली. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातला हा सर्वात धारदार ‘मी’ म्हणावयास हरकत नाही. त्या ‘मी’ने आपले म्हणणे प्रथम कोठे मांडले? ‘टाइम्स ऑफ इंडिया’च्या पत्रव्यवहारात, इंग्रजीत, आणि ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने. मराठीत आणि स्वतःच्या नावाने नव्हे. हा तपशील ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

‘कोसला’ (१९६३) ही मराठीतील आत्यंतिक व्यक्तिवादाची मध्यवर्ती संहिता मानली जाते, आणि तिच्यावरचा वाद अजून निवळलेला नाही. पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या सांगवीहून पुण्याला शिकावयास येतो, वसतिगृह, मेस, गॅदरिंग, वादविवाद या सगळ्यांतून हात पोळून घेतो, परीक्षेत नापास होतो आणि गावी परत जातो. बाहेरून पाहता एवढेच घडते. कादंबरीचे खरे कार्य भाषेत घडते. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांनी नेमाड्यांनी जे साधले, ते अस्तित्ववादाच्या कोणत्याही मराठी पोथीला साधलेले नाही. समाज व्यक्तीला तयार वाक्ये पुरवतो : शिक्षणाविषयी, कर्तव्याविषयी, प्रेमाविषयी, मृत्यूविषयी. सांगवीकर ती वाक्ये खोटी आहेत असे म्हणत नाही. तो त्यांना ‘वगैरे’ जोडतो आणि ती आपोआप ढासळतात. रूढीचे प्रामाण्य वाक्यरचनेच्या पातळीवर रद्द करण्याची ही रीत आगरकरांच्या निबंधालाही उपलब्ध नव्हती, कारण आगरकरांचे वाक्य स्वतःच प्रमाण होऊ पाहत होते. पहिल्या प्रमेयाला मराठी गद्याने दिलेले हे सर्वात मोठे योगदान आहे. ‘कोसला’ला केवळ तुसडेपणाची कादंबरी ठरवणाऱ्यांनी हे कधी पाहिलेच नाही.

दुसऱ्या प्रमेयाविषयी मात्र कादंबरी तिच्या चाहत्यांपेक्षा अधिक सावध आहे. सांगवीकराचा नकार वडिलांच्या पैशावर चालतो. घरून येणारी रक्कम, तिची उधळण, वडिलांसमोर द्यावा लागणारा हिशेब, ही सारी माहिती निवेदक लपवत नाही. उलट तोच ती पुनःपुन्हा काढतो, आणि दर वेळी त्याचा ताठा थोडा खाली येतो. परत यावयाला सांगवी आहे, सांगवीत शेत आहे, शेतावर राबणारी माणसे आहेत. म्हणूनच पुण्यात सर्व काही निरर्थक ठरवता येते. ‘कोसला’ म्हणजे कोष. कोषाचा धागा कीटक स्वतःतूनच काढतो हे खरे. पण त्याआधी त्याने पाला खाल्लेला असतो. जे समीक्षक सांगवीकराला ‘परात्म’ म्हणून थांबतात, त्यांनी या पाल्याची नोंद घेतलेली नाही, आणि जे त्याला ‘सधन कुणब्याचा लाडावलेला पोर’ म्हणून निकालात काढतात, त्यांनी हे लक्षात घेतलेले नाही की हा आरोप कादंबरीने आधीच स्वतःवर करून ठेवला आहे.

कादंबरीचे खरे न्यून दुसरीकडे आहे. मनीच्या मृत्यूचा भाग मराठी गद्यातील अत्यंत उत्कट भागांपैकी एक आहे, याबद्दल दुमत नसावे. पण मनी तेथे आहे ती भावाच्या दुःखाचे कारण म्हणून. ‘कोसला’च्या जगात दुसरा ‘मी’ नाही. आईला, बहिणींना, गड्यांना, मेसच्या आचाऱ्याला स्वभाव आहेत, लकबी आहेत, संवादही आहेत. जगाला ‘वगैरे’ म्हणण्याचा अधिकार मात्र एकट्या पांडुरंगाचा आहे. या एका बाबतीत रँडची खाण आणि नेमाड्यांची सांगवी, या कलादृष्ट्या कितीही दूर असल्या तरी, सारख्याच आहेत.

पुढे नेमाड्यांनी स्वतःच या ‘मी’कडे पाठ फिरवली. ‘बिढार’ (१९७५), ‘जरीला’ (१९७७), ‘झूल’ (१९७९) यांतून चांगदेव पाटील व्यवस्थेच्या आतून वाट काढताना दिसतो, ‘टीकास्वयंवर’मध्ये (१९९०) देशीयतेची मांडणी येते, आणि ‘हिंदू’ (२०१०) या कादंबरीत खंडेराव वारशाच्या प्रचंड ढिगाऱ्यासमोर उभा राहतो. व्यक्तिवाद ही वसाहतकाळात आयात झालेली वस्तू आहे, येथील माणूस समूहातच अर्थपूर्ण होतो, असा या भूमिकेचा सूर आहे. तीत तथ्य आहे. ‘मी’ स्वयंभू नसतो, भाषा, नाते, पीक, सण यांच्यातून तो घडतो, हे देशीवादाने मराठी समीक्षेला ठासून सांगितले, आणि दुसऱ्या प्रमेयाचे यापेक्षा समर्थ खंडन मराठीत झालेले नाही.

परंतु तेवढ्याने पहिले प्रमेयही परदेशी ठरत नाही. लुई द्युमाँ या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिल्याप्रमाणे भारतीय समाजात व्यक्ती होती. ती संन्याशाच्या रूपाने जगाबाहेर होती. मराठीचा तर पहिलावहिला गद्यव्यवहारच अशा बाहेर पडलेल्यांचा आहे. लीळाचरित्रातील महदंबा चक्रधरांना प्रश्नामागून प्रश्न विचारते, आणि ते प्रश्न तिचे स्वतःचे असतात. ते तिच्या कुळाचे किंवा गावाचे नसतात. हा ‘मी’ कोणत्या जहाजातून आला? देशीवादाने महानुभावांना जवळ केले, पण त्यांनी देश आणि आप्त सोडण्याचा जो आग्रह धरला, तो बाजूला ठेवला. दुसरी आठवण अधिक अडचणीची आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी, मसुद्याने खेडे हे घटक न मानता व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल जाहीर समाधान व्यक्त केले. त्यांना हा निष्कर्ष सुचवण्यास कोणा युरोपीय ग्रंथाची गरज नव्हती. गावकुसाबाहेरचा अनुभव पुरेसा होता. मात्र त्याच आंबेडकरांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुतेचा आग्रह धरला. आगरकरांनी जी दोन प्रमेये वेगळी केली होती, ती येथेही वेगळीच राहतात.

देशीवादाची खरी कसोटी मात्र पुण्या-मुंबईत लागत नाही. ती खानदेशातच लागते. बऱ्हाणपूरहून अंकलेश्वरकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने जातो. सांगवीकराचे गाव ज्या रावेरच्या मुलखातले, तो मुलूख या रस्त्याच्या पूर्वेकडच्या टप्प्यात लागतो. तेथून केळीच्या बागा मागे टाकत चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा ओलांडले की गुजरातच्या हद्दीआधी खापर येते. पर्वत तोच, पायथा तोच. पण १९९८ साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यातील या टोकाला भाषेचा आणि ‘मी’चा हिशेब बदलतो. बाजारात देहवली, अहिराणी, गुजराती कानावर पडते. मराठी असते ती शाळेत, कचेरीत, ठाण्यात. पलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगऱ्याची याहामोगी, अलीकडे काठीची होळी. समूहात रुजलेल्या ज्या माणसाची देशीवाद कल्पना करतो, तो कोठे असलाच तर येथे असावा.

या परिसराने मराठी साहित्याला दिलेले सर्वनाम ‘मी’ नाही. ते ‘आम्ही’ आहे. शहाद्याच्या श्रमिक संघटनेतून आलेल्या वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ साली आला. त्यातील ‘स्टेज’ ही कविता बहुधा ‘आदिवासी जाणीव’ या मथळ्याखाली वाचली जाते, आणि तेथेच तिचे वाचन थांबते. वास्तविक तिचा विषय प्रतिनिधित्वाचा आहे : मंचावर चढून दुसऱ्याचे दुःख दुसऱ्यालाच समजावून सांगणारे, आणि खाली बसून ते ऐकून घेणारे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन रूपे आहेत. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’. मंचावरचा वक्ता नेहमी ‘आपण’ म्हणतो; समोरच्याला न विचारताच तो त्याला आपल्यात घेतो. त्या ‘आपण’मधून सुटून ‘आम्ही’ म्हणणे ही क्रिया, दिसावयास समूहवाचक असली तरी, आगरकरांच्या ‘मी’ने जे केले तेच करते. आमच्या वतीने ठरलेले एकमत आम्हाला प्रमाण नाही, असे ती सांगते. व्यक्तिवाद आणि समूहनिष्ठा यांचे सोपे द्वंद्व मांडणाऱ्या समीक्षेला हा ‘आम्ही’ कोठे बसवावा हे कळत नाही, आणि म्हणून ती त्याचे कौतुक करून पुढे जाते.

या ‘आम्ही’च्याही आधी याच मुलखात एका वेगळ्या सर्वनामाचा प्रयोग होऊन गेला. १९३०च्या दशकात तळोदे तालुक्यातील मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये जी चळवळ उभी केली, ती ‘आप’ या संबोधनावरून ओळखली जाते. एकमेकांना ‘आप’ म्हणावयाचे, ‘आप की जय’ म्हणून अभिवादन करावयाचे. दारू सोडणे, स्वच्छता हा भाग इतर सुधारणा-चळवळींतही सापडतो. संबोधनाचा भाग मात्र विशेष आहे. सावकार, जमीनदार, जंगलखात्याचा शिपाई ज्याला पिढ्यान्पिढ्या ‘अरे’ म्हणत आला, त्याला त्याचाच शेजारी ‘आप’ म्हणू लागला. श्टिर्नरच्या दृष्टीने ‘मी’ स्वतःला स्वतःच उच्चारतो. येथे क्रम उलटा आहे : आधी कोणीतरी ‘आप’ म्हणते, मग ऐकणाऱ्याला ‘मी’ म्हणण्याची सोय होते. व्यक्तीच्या घडणीविषयीचा हा विचार ग्रंथात मांडला गेला नाही म्हणून तो विचार नव्हे, असे म्हणणे धाडसाचे होईल.

१९७२ नंतर शहादे-तळोदे भागात श्रमिक संघटनेच्या स्त्रियांनी दारूच्या भट्ट्या फोडल्या आणि मारझोड करणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत जाब विचारला, हेही याच इतिहासातले. एकट्या स्त्रीला जे शक्य नव्हते, ते समूहाच्या बळावर शक्य झाले. आणि तरीही जे साधले ते त्या एकट्या स्त्रीसाठी होते. समूह म्हणजे व्यक्तीचा शत्रू, हे कट्टर व्यक्तिवादाचे गृहीत येथे टिकत नाही.

येथपर्यंतचा पुरावा देशीवादाच्या बाजूने जातो असे वाटेल. पण सातपुड्याच्या याच पट्ट्यात आणखी एक शब्द आहे : डाकीण. घरात आजार येतो, मूल दगावते, गुरे मरतात. बडवा किंवा भगत कोणा स्त्रीकडे बोट दाखवतो. आणि मग तिच्याविरुद्ध गाव एक होते. मारहाण, बहिष्कार, गावाबाहेर हाकलणे, आणि प्रसंगी खून, असा हा क्रम असतो. पुष्कळदा ती विधवा असते, आणि पुष्कळदा तिच्या नावे थोडी जमीनही असते. येथे गावाचे एकमत आहे. ते वसाहतीने लादलेले नाही, इंग्रजी शाळेतून आलेले नाही. नात्यागोत्यातून, श्रद्धेतून, समान भाषेतून, म्हणजे देशीवाद ज्या ज्या गोष्टींना मूल्य मानतो त्या सर्वांतून ते सिद्ध झालेले आहे. आणि ते चूक आहे. ती स्त्री डाकीण नाही, हे सत्य त्या घटकेला संपूर्ण गावात एकटी तीच जाणून असते. कधी कधी तर तिलाही स्वतःविषयी शंका येऊ लागते. एकमत हे प्रमाण नव्हे, हा सिद्धान्त येथे तत्त्वज्ञानाच्या वर्गातला राहत नाही. तिला वाचवू शकेल असा दुसरा सिद्धान्तच नाही.

यावर एक आक्षेप येईल. आदिवासी समाजाकडे पाहताना डाकिणीचे उदाहरण पुढे करणे ही नागर समीक्षकाची जुनी खोड आहे, आणि तिच्यामागे बहुधा हेटाळणी असते. आक्षेप योग्य आहे, म्हणून त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. युरोपने चेटकिणी म्हणून हजारो स्त्रिया जाळल्या. पुण्याच्या विद्वानांनी सोवळ्यातल्या विधवांचे केशवपन शास्त्राने सिद्ध केले. प्रश्न एका समाजाचा नाही. उलट, ज्यांना आदिवासींचा ‘आम्ही’ गौरवावयाचा आहे, त्यांनी त्या ‘आम्ही’मधली ही स्त्री न पाहणे, ही त्या समाजाला सजावटीची वस्तू समजण्याचीच एक रीत आहे. ती स्त्रीही आदिवासी आहे.

आता तिच्याच बाजूने कट्टर व्यक्तिवादाकडे पाहावे. रोर्क तिला काय सांगेल? आपल्या सामर्थ्यावर विश्वास ठेव आणि गावाची पर्वा करू नकोस. सांगवीकर तिच्या गावाला ‘वगैरे’ म्हणेल. तिला यातले काहीच उपयोगी नाही. तिला परत जावयाला दुसरे गाव नाही. घरून महिन्याचे पैसे येत नाहीत. तिचे घर, शेत, देव, नातवंडे, भाषा, सारे त्याच गावात आहे, आणि तिला बाहेर पडावयाचे नसून आत राहावयाचे आहे. स्वयंभूपणाचे तत्त्वज्ञान ज्या घडीला सर्वाधिक आवश्यक ठरावयास हवे, नेमके त्याच घडीला ते निरुपयोगी ठरते. तिला हवी असते ती एक दुसरी व्यक्ती : गावाच्या एकमतातून फुटून ‘ही डाकीण नाही’ म्हणणारी. तो शेजारी असेल, शाळेतली शिक्षिका असेल, अंधश्रद्धा निर्मूलनाचा कार्यकर्ता असेल. म्हणजे आत्यंतिक व्यक्तिवादाचे मूल्य ज्याच्यावर संकट आले आहे त्याच्या कणखरपणात नाही, तर ज्याच्यावर आलेले नाही त्याच्या फुटून निघण्यात आहे. श्टिर्नरपासून रँडपर्यंत कोणीही ते तेथे शोधले नाही. संमतिवयाच्या वादात आगरकरांनी ते तेथेच शोधले होते.

कायद्याने या बाबतीत साहित्यापेक्षा अधिक सूक्ष्म भेद केले आहेत, ही काहीशी लाजिरवाणी गोष्ट मान्य करावी लागते. २००६च्या वनहक्क कायद्यात वैयक्तिक आणि सामूहिक असे दोन्ही हक्क आहेत. एक मानला म्हणून दुसरा नाकारलेला नाही. वैयक्तिक हक्क चार हेक्टरांच्या मर्यादेत आहे, आणि हक्कधारक विवाहित असेल तर तो पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावयाचा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या खुनानंतर अध्यादेशाने आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विधिमंडळाच्या मंजुरीने आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, एखाद्या व्यक्तीवर करणी-चेटुकाचा आरोप ठेवून तिचे जगणे मुश्कील करणे हा सहा महिने ते सात वर्षे कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. गावाच्या एकमताला प्रमाण न मानणारे हे कलम आगरकरांनी कोणत्याही दुरुस्तीवाचून मान्य केले असते.

साहित्यात मात्र ती स्त्री अजून तृतीयपुरुषी आहे. वार्तापत्रात, अहवालात, क्वचित कथेत ती येते ती पाहिली गेलेली, वाचवली गेलेली किंवा मारली गेलेली म्हणून. रखमाबाईंचा ‘मी’ निदान परक्या भाषेत आणि टोपणनावाने का होईना, स्वतःच्या हाताने लिहिला गेला होता. खापर-अक्कलकुव्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावरील या स्त्रीचा ‘मी’ मराठीत उमटतो तो एकाच ठिकाणी, पोलीस ठाण्यात नोंदवलेल्या जबाबात. त्या लेखनप्रकाराची रचना ठरलेली आहे. आरंभी नाव, वय, धंदा, राहणार. मग ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देते की’. आणि त्यापुढे सर्व मजकूर प्रथमपुरुषी एकवचनात. ती बोललेली असते देहवलीत किंवा भिलोरीत. लिहिणारा हवालदार ते मराठीत उतरवतो, शासकीय मराठीत, जिच्यात ‘सदर इसम’ आणि ‘नमूद ठिकाणी’ असे शब्द तिच्या तोंडी येतात. कोणाचे बोट प्रथम उठले, कोणी दार लावून घेतले, कोण गप्प राहिले, हे सर्व त्यात तारीखवार असते. शेवटी जबाब वाचून दाखवला, तो सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे असे वाक्य, आणि त्याखाली डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. मराठीतील ‘मी’चा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाने हा लेखनप्रकार अद्याप संहिता म्हणून वाचलेला दिसत नाही.